बाससाठी पहिला बेटकास्टर घ्यायचाय, रॉड-रील-लाइन कशी जुळवायची? आणि लाइन सारखी तुटतेय

निवांतकाठ

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचतोय, विचारायची ही पहिलीच वेळ. माझ्याकडे सध्या एकच स्पिनिंग सेट आहे, साडेसहा फुटी मीडियम रॉड, २५०० साइजचं रील आणि त्यावर १० पौंडाची मोनो (साधी नायलॉनची लाइन). छोटे प्लास्टिकचे वर्म, हलके जिग, लहान क्रँकबेट सगळं त्याच्यावरच टाकतो आणि मोकळ्या पाण्यात बास मासे लागतातही चांगले. पण मी जातो ते तळं उथळ आहे, काठाला दाट पाणवेली, मध्ये बुडालेली झाडं, आणि दांडगे मासे सगळे त्यातच दबा धरून बसलेले. मासा लागला की सरळ वेलीत मुसंडी मारतो, मग ना मासा हाती येत ना ल्युअर (नकली आमिष).

म्हणून आता बेटकास्टर, म्हणजे कास्ट करताना ज्याचा स्पूल स्वतः फिरतो तसलं रील, घ्यायचं डोक्यात आहे. गिअर रेशो किती घ्यावा, बेअरिंग किती असावीत, मॅग्नेटिक ब्रेक चांगला की सेंट्रिफ्युगल, वाचून वाचून डोकं भणभणलंय. कोणी म्हणतं ८:१ शिवाय घेऊ नको, कोणी म्हणतं नवशिक्याला ६:१ च बरा. लाइन कुठली भरू तेही सांगा.

आणि एक वेगळंच दुखणं. स्पिनिंगवरची लाइन गेल्या काही वेळा सारखी तुटतेय. नवी भरली तरी तेच. मासा मोठा असतो असंही नाही, नुसता झटका दिला तरी फट्. ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाइन सोडणारा ब्रेक) सैल आहे, गाठही नीट बांधतो. लाइनच खराब लागली का?

गरीवाला

स्वागत. तू रीलपासून सुरुवात केलीयस, सगळे तिथूनच करतात, कारण हातात घेऊन फिरवून बघायला रीलच छान वाटतं. पण माझं ठाम मत आहे की उलटं जायचं. आधी ठरव कुठला ल्युअर कुठल्या जागी टाकणार, त्यावरून रॉड, रॉडवरून लाइन, आणि रील सगळ्यात शेवटी. रील साधं असलं तरी मासे लागतात. रॉड चुकीचा असेल तर लागलेले सुटतात.

रॉडवर हँडलच्या थोडं वर बारीक अक्षरात दोन आकडे छापलेले असतात, ल्युअरचं वजन आणि लाइनची ताकद. ते आधी वाच. वेलींमध्ये टाकायचे जिग, टेक्सास रिग (हुकचं टोक लपवून लावलेला वर्म), बेडकासारखा फ्रॉग हे साधारण ३/८ औंसापासून १ औंसापर्यंत असतात, म्हणजे १० ते २८ ग्रॅम. हे वजन मीडियम हेवी रॉडच्या रेंजमध्ये बसतं. तुझ्या मीडियम रॉडवर १ औंसाचा ल्युअर जीव लावून फेकलास तर एक दिवस रॉड जाईल.

मग पॉवर आणि ॲक्शन. या दोन गोष्टींची लोक कायम सरमिसळ करतात. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे तो कुठे वाकतो. फास्ट ॲक्शनचा रॉड फक्त वरच्या टोकाला वाकतो, खालचा भाग ताठ राहतो, त्यामुळे झटका दिला की जोर सरळ हुकपर्यंत पोचतो. जिग, वर्म, फ्रॉगला जाड एकेरी हुक असतो, तो बासच्या कडक जबड्यात घुसवायला हाच ताठपणा लागतो. मॉडरेट ॲक्शनचा रॉड मधूनच वाकतो, तो क्रँकबेटसाठी. क्रँकबेटला बारीक तीनकाटी हुक असतात, ते वरवर अडकतात, तिथे ताठ रॉडने खेचलंस तर माशाचं तोंड फाटून हुक सुटणार. म्हणून क्रँकबेटवाले अजूनही फायबरग्लासचा किंवा ग्लास-ग्राफाइट मिश्र रॉड धरून आहेत, ग्राफाइट कितीही हलका असला तरी.

तू सांगितलेल्या जागेसाठी सात फुटी मीडियम हेवी फास्ट. एकच घ्यायचा असेल तर हाच, डोळे झाकून. लांबीने कास्ट लांब जातो आणि सैल पडलेली लाइन एका झटक्यात जास्त उचलली जाते. झाडीखालून, अडचणीच्या जागेतून टाकायचं असेल तर साडेसहा-पावणेसात फुटी सोयीचा पडतो. तुझा स्पिनिंग मात्र काढू नकोस, १/४ औंसाच्या खालचं सगळं त्याच्यावरच.

आता रील. गिअर रेशो म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेली चकरी, किती वेळा फिरतो. पण खरा प्रश्न एका फेऱ्यात लाइन किती आत येते हा, आणि ते स्पूलच्या व्यासावरही ठरतं. हिशोब करून बघ. ३४ मिमीचा भरलेला स्पूल एका वेढ्याला १०७ मिमी लाइन गुंडाळतो, ७:१ असेल तर हँडलच्या फेऱ्याला ७५ सेंटिमीटर. तोच स्पूल अर्धा रिकामा होऊन २८ मिमीवर आला की तेच रील ६२ सेंटिमीटरच ओढतं. म्हणून स्पूल भरलेला ठेवणं हे ७ की ७.५ या वादापेक्षा जास्त कामाचं. वेलीतून मासा चटकन वर काढायचा तर ७ च्या आसपास हवा. खोल जाणाऱ्या क्रँकबेटला ५ चा हवा, तो पाण्यात जोराने ओढ देतो आणि फास्ट रीलवर दिवसभर फिरवून मनगट भरून येतं. तुझ्यासाठी ७. आणि बेअरिंगच्या संख्येकडे बघू नको. चार चांगली बेअरिंग दहा फालतू बेअरिंगपेक्षा बरी चालतात. त्याऐवजी हँडल धरून हलवून बघ, खुळखुळ आहे का. फ्रेम धातूची आहे का बघ, जोर पडला की प्लास्टिकची फ्रेम पिळते आणि गिअर नीट बसत नाहीत.

पाणकावळा

सेटबद्दल गरीवाला दादांनी सांगितलंच आहे, मी फक्त तुटण्याबद्दल विचारतो. लाइन नेमकी कुठे तुटते? गाठीत, गाठीच्या वर वीतभर, की मध्येच कुठेतरी? तुटलेलं टोक बोटांत धरून उजेडात बघा. पिळलेलं, डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सुटलीय. सरळ कापल्यासारखं असेल तर लाइन ताकदीने तुटली किंवा कापली गेली. टोकाच्या मागची लाइन खरखरीत, पांढुरकी झाली असेल तर ती कशावर तरी घासतेय.

घासतेय वाटलं तर कापसाचा बोळा घ्या, रॉडच्या प्रत्येक गाइडच्या (लाइन ओवायच्या कडीच्या) रिंगमधून आतून गोल फिरवा, टोकापासून खालपर्यंत सगळ्या. कुठे धागा अडकला तर तिथे तडा आहे. डोळ्याला दिसत नाही बऱ्याचदा.

निवांतकाठ

पाणकावळा, तुम्ही तर घरी न येता दुखणं पकडलंत! तुटते ती ल्युअरच्या वर वीतभर ते हातभर अंतरावर, आणि टोकामागे खरखरीतच आहे. कापूस फिरवला. खालच्या सगळ्या गाइडमधून सुळकन गेला. सगळ्यात वरच्या, टोकाच्या गाइडमध्ये दोन-तीन तंतू अडकून राहिले. मग भिंगातून बघितलं तर आतल्या सिरॅमिकच्या रिंगला खालच्या बाजूला केसाएवढी चीर आहे, कास्ट करताना लाइन जिथे टेकते बरोबर तिथेच. आता रॉड टाकून द्यायचा का?

पाणकावळा

अजिबात नाही, दहा मिनिटांचं काम आहे. टोकाचा गाइड म्हणजे टिप-टॉप हा नुसता गरम करून वितळवलेल्या गोंदाने बसवलेला असतो. त्याची जी धातूची नळी रॉडवर बसते तिला लायटरची आच हलकी दाखवा. आच नळीला, रॉडच्या ब्लँकला (मूळ काठीला) नाही, ग्राफाइटमधलं रेझिन तापलं की टोक कमकुवत होतं. गोंद सुटला की पक्कडीने सरळ रेषेत ओढून काढा, पिळू नका. जुना गाइड सोबत न्या म्हणजे त्याच नळीच्या मापाचा मिळेल, ही मापं इंचाच्या चौसष्टाव्या भागात असतात. नवा बसवताना गोंदाची कांडी वितळवून टोकाला लावा, गाइड सरकवा आणि गोंद मऊ असतानाच रॉडवरून डोळा लावून बाकीच्या गाइडच्या रांगेत आणा.

चीर पडते कशामुळे तर बहुतेक वेळा ल्युअरमुळेच. गाइडच्या रिंगमध्ये हुक अडकवून रॉड नेतात आणि वजनदार जिग वाटभर त्या सिरॅमिकवर आपटत राहतो. हँडलजवळ हुक अडकवायला छोटी कडी दिलेली असते ती वापरा. नसेल तर गाइडच्या धातूच्या पायाला अडकवा, रिंगला नको. आणि आत्ता स्पूलवर आहे त्यातली पुढची काही मीटर लाइन कापून टाका, ती सगळी त्या चिरेवरून गेलीय.

तळ्याकाठची

लाइनवर मी लिहिते, कारण सगळा सेट नीट घेऊन लाइनवर काटकसर करणारे खूप बघितलेत. मासा आणि आपण यांच्यामध्ये शेवटी तीच असते.

तिन्ही प्रकार वेगळे का वागतात ते कळलं की पाठांतर करायची गरज पडत नाही. मोनो म्हणजे नायलॉन, ती ताणली जाते, पाणी शोषते आणि ओली झाली की थोडी ताकद जाते. पाण्यापेक्षा किंचितच जड, म्हणून हळूहळू बुडते. फ्लोरोकार्बन वेगळंच प्लास्टिक आहे, पीव्हीडीएफ. घनता १.७८, म्हणजे बुडणारच. पाणी शोषत नाही, घासणं सोसते, आणि प्रकाश वाकवण्याचा तिचा आकडा १.४२ आहे, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५ च्या वर. पाण्याच्या जवळचा आकडा, म्हणून पाण्यात कमी दिसते. अदृश्य वगैरे काही होत नाही. ब्रेडेड लाइन पॉलिथिलीनच्या बारीक तंतूंची विणलेली, घनता ०.९७, तरंगते. ताण जवळजवळ शून्य, जाडी अगदी कमी. ३० पौंडाची ब्रेडेड साधारण ८ पौंडाच्या मोनोएवढी जाड असते.

आता यातून बाकीचं आपोआप निघतं. पाण्याच्या पृष्ठभागावर चालणाऱ्या ल्युअरला फ्लोरो लावली तर ती बुडून ल्युअरचं नाक खाली ओढते, तिथे मोनो किंवा ब्रेडेड. स्वच्छ पाण्यात तळाशी वर्म ओढायचा तर फ्लोरो, टोचणी लगेच हाताला कळते. क्रँकबेटला थोडा ताण हवा, तिथे फ्लोरो किंवा मोनो. आणि निवांतकाठ, तुमच्या वेलींसाठी ब्रेडेड ५० पौंडाची, फ्रॉगसाठी ६५ ची.

एवढी कशाला, बास काय ५० पौंडाचा असतो का असं कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगते. लार्जमाउथ बासचा जागतिक विक्रम १९३२ साली अमेरिकेत जॉर्जियामध्ये जॉर्ज पेरी यांनी केला, २२ पौंड ४ औंस. त्याची बरोबरी व्हायला २००९ उजाडलं, जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांचा मासा ०.९७ औंसाने जड भरला, पण नियमाप्रमाणे विक्रम मोडायला निदान २ औंस जास्त लागतात म्हणून दोघांचा बरोबरीत धरला. म्हणजे जगातला सगळ्यात मोठा बाससुद्धा २२ पौंडांचा. ५० पौंडाची लाइन माशासाठी नाहीच, ती माशासोबत येणाऱ्या वेलींच्या भाऱ्यासाठी आहे. शिवाय ताणलेली बारीक ब्रेडेड लाइन वेलींचे देठ कापत येते, मोनो त्यात गुरफटून बसते. बुडालेल्या झाडांत मात्र जपून, ताणलेली ब्रेडेड ओल्या लाकडात रुतते आणि खडकावर घासली तर लगेच तुटते. तिथे मी २० पौंडाची फ्लोरो लावते.

दोन गोष्टी भरताना. ब्रेडेड थेट धातूच्या स्पूलवर बांधू नका, ती गुळगुळीत असते, सगळी गुंडाळी स्पूलवर फिरत राहते आणि तुम्हाला वाटतं ड्रॅग गेला. आधी थोडी मोनो गुंडाळा, तिच्यावर ब्रेडेड. आणि वर्ष-दीड वर्षाने पुढचा भाग विटला की लाइन उलटी करून भरा, आतला अर्धा भाग कोराच असतो.

गाठ ब्रेडेडला पालोमार. मोनोला इम्प्रूव्हड क्लिंच पुरते. फ्लोरोची गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायचीच, कोरडी ओढली की घर्षणाने तापते आणि गाठीतच कमजोर पडते. आवळल्यावर गाठीच्या वरचा भाग कुरळा झाला असेल तर कापा आणि पुन्हा बांधा, तसाच कास्ट करू नका.

उथळपाणी

ताईंचं सगळं बरोबर, फक्त एका गोष्टीत माझं मत वेगळं. पहिल्याच बेटकास्टरवर पहिल्या दिवशी ५० पौंडाची ब्रेडेड भरू नको. शिकताना गुंता होणारच, आणि ब्रेडेड गुंत्यात एका वेढ्याखाली दुसरा इतका रुतून बसतो की शेवटी कात्री लावावी लागते. फ्लोरोचं त्याहून वाईट, गुंता सुटतो पण जिथे लाइन दुमडली तिथे पांढरा डाग राहतो आणि पुढे मासा लागला की तिथेच तुटते. १४-१५ पौंडाची मोनो भर, ती मऊ असते, गुंता सुटतो, वाया गेली तरी जीव जळत नाही. अंगठा बसला की मग ब्रेडेड. आणि तोवर वेलींच्या आत नको, कडेकडेने टाक.

ब्रेकबद्दल विचारलं होतंस. सेंट्रिफ्युगलमध्ये छोटे ठोकळे स्पूलसोबत फिरतात आणि वेग आला की बाहेर सरकून ड्रमवर घासतात, त्यामुळे कास्टच्या सुरुवातीला जेव्हा स्पूल सगळ्यात जोरात असतो तेव्हा तो जास्त धरतो. मॅग्नेटिकमध्ये काही घासत नाही, चुंबकामुळे ॲल्युमिनियमच्या स्पूलमध्ये वीजप्रवाह तयार होतो आणि तोच स्पूलला रोखतो, बाहेरच्या डायलने फिरवून कमी-जास्त करता येतो. शिकताना मॅग्नेटिक सोयीचा, कारण वारा बदलला की झाकण न उघडता डायल फिरवायचा.

तळ्याकाठची

@उथळपाणी शिकण्यापुरती मोनो, मान्य. पण पंधरा पौंडाच्या मोनोने वेलींच्या जवळ टाकूच नका असं मी म्हणेन, कडेकडेनेसुद्धा. मासा वेलीत जाऊन लाइन तुटली तर हुक त्याच्या तोंडात राहतो आणि मागे लाइनचं शेपूट घेऊन तो वेलीत अडकतो. शिकायचं असेल तर मोकळ्या पाण्यात किंवा गवतावर.

उथळपाणी

हे पटलं ताई. निवांतकाठ, कडेकडेने टाक म्हणालो ते खोडून टाक, मोकळ्या पाण्यातच शीक.

रीलवैद्य

घ्यायचं काय ते झालं, आता टिकवायचं कसं ते मी सांगतो. माझ्याकडे लोक रीलं आणतात ती बहुतेक वापराने खराब झालेली नसतात. एक तर कधीच उघडलेली नसतात, नाहीतर तेलात बुडवून मारलेली असतात.

तेल कुठे आणि ग्रीस कुठे एवढं कळलं तरी खूप झालं. जे वेगाने फिरतं तिथे पातळ तेल, एकच थेंब: स्पूलची बेअरिंग, हँडलच्या मुठी, स्पिनिंगचा लाइन रोलर. जिथे जोराने दाब येतो तिथे ग्रीस: मुख्य गिअर आणि त्यात बसणारं छोटं दातेरी चाक पिनियन, ब्रशने दातांवर पातळ थर. बेटकास्टरमध्ये लाइन डावी-उजवी नेणारी जी वर्म शाफ्ट असते तिच्या खाचांत लाइनवरचा सगळा चिखल, शेवाळ, धूळ जाऊन बसते. ती जुन्या टूथब्रशने साफ करायची आणि एक-दोन थेंब तेल. रील खरखरतंय म्हणून गिअर बदलायला आणतात आणि बऱ्याचदा ही शाफ्टच घाण झालेली असते.

जिथे काहीच लावायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. सेंट्रिफ्युगल ब्रेकच्या ड्रमवर आणि ठोकळ्यांवर तेल गेलं की ब्रेक धरणार नाही. हँडल उलटं फिरू न देणारं जे रोलर बेअरिंग असतं त्यात ग्रीस कधीच नाही, त्यातले रोलर चिकटून बसतात आणि ऐन झटक्याच्या वेळी हँडल मागे गरकन फिरतं. थंडीत हे जास्त दिसतं. तिथे अगदी पातळ तेलाचा पुसट हात पुरे.

दर वेळी घरी आल्यावर ओलसर फडक्याने पुसा, कोरडं करा, बस. नळाच्या जोराच्या धारेखाली धरू नका आणि बादलीत तर मुळीच बुडवू नका, पाणी आतली घाण आणखी आत ढकलतं. आणि ड्रॅग सैल करून ठेवा. ड्रॅगच्या चकत्या घट्ट दाबलेल्या राहिल्या की, खास करून फेल्टच्या, चपट्या होतात, मग ड्रॅग सरळ सुटत नाही, अडखळत सुटतो, आणि त्या अडखळण्यातच लाइन तुटते. पुन्हा निघताना ड्रॅग लावायचा तो हाताच्या अंदाजाने नाही. लाइन गाइडमधून ओवून टोकाला स्प्रिंगचा वजनकाटा बांधा आणि लाइनच्या ताकदीच्या पाव ते तीसेक टक्क्यांवर ड्रॅग सुटेल असं करा. १२ पौंडाच्या लाइनला ३ ते साडेतीन पौंड. वेलीतल्या फ्रॉगला हा नियम लागू नाही, तिथे जवळजवळ गच्च, नाहीतर मासा हवी तेवढी लाइन घेऊन आत जाईल.

वर्षातून एकदा उघडा. पांढरं फडकं पसरा, प्रत्येक पायरीला मोबाइलने फोटो काढा आणि निघालेले भाग त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडा. स्पूलच्या बेअरिंगला धरणारी बारीक तारेची क्लिप असते, तिचं टोक सुटलं की ती उडते आणि पुन्हा सापडत नाही. म्हणून रील आणि दोन्ही हात पारदर्शक पिशवीत घालून क्लिप काढा, उडाली तरी पिशवीतच राहते. बेअरिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलवा, पूर्ण वाळू द्या, मग पेन्सिलीच्या टोकावर बसवून बोटाने टिचकी मारा. छान सुळसुळ फिरलं तर एक थेंब तेल आणि परत आत. करकर ऐकू आली तर पुन्हा धुवा. तरीही करकरलं तर बदला. दाबाच्या हवेने गरगर फिरवून वाळवू नका, कोरडं बेअरिंग त्या वेगाला झिजतं. अल्कोहोल जवळ असताना खिडकी उघडी आणि आगपेटी लांब.

स्पिनिंगसाठी एक सवय. कास्ट झाला की बेलची तार (स्पूलवर लाइन गुंडाळणारी वाकडी तार) हँडल फिरवून बंद करू नका, हाताने बंद करा आणि लाइन एकदा ताणा. मासा ड्रॅग ओढत असताना हँडल फिरवत राहू नका, प्रत्येक फेऱ्याला लाइनमध्ये पीळ चढतो. आणि स्पूल काठोकाठ भरू नका, काठाच्या आत ३ मिमी जागा ठेवा.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही. डासांच्या मलमात डीट हे रसायन असेल तर ते बरीच प्लास्टिकं विरघळवतं. ते लावलेल्या हाताने रीलची मूठ, सॉफ्ट प्लास्टिकचे वर्म धरलेत तर मूठ चिकट होते. मलम हाताच्या मागच्या बाजूने लावा आणि तळवे धुवा.

निवांतकाठ

केवढं काय काय लिहिलंत सगळ्यांनी, सगळं वहीत उतरवून घेतलंय. टिप-टॉप काढला, नवा बसवला, कापूस सरळ गेला. रॉड सात फुटी मीडियम हेवी फास्ट, रील ७ चा मॅग्नेटिक, आधी १५ पौंडाची मोनो आणि हात बसला की ५० ची ब्रेडेड असं ठरवलंय. एकच राहिलं, रील आल्यावर पहिल्या दिवशी ब्रेक कसा लावू आणि गुंता झाला तर काय करू?

गरीवाला

हुक नसलेलं १/२ औंसाचं वजन बांध, हलक्या वजनाने शिकायला जाऊ नको, ते स्पूलला नीट ओढतच नाही. रॉड समोर आडवा धर, वजन टोकापासून वीतभर खाली. बटण दाब आणि वजन पडू दे. हँडलशेजारची छोटी घुंडी आवळत जा, वजन हळूहळू खाली उतरेल आणि जमिनीला टेकल्याबरोबर स्पूल थांबेल इतकी. टेकल्यावरही स्पूल फिरत राहिला तर अजून आवळ. हे झालं की मॅग्नेटचा डायल दहापैकी आठवर.

गुंता होतो कारण वजनाचा वेग कमी झालेला असतो आणि स्पूल मात्र आधीच्याच वेगाने लाइन सोडत राहतो. म्हणून हिसका मारून फेकायचं नाही, रॉडला मागे नीट वाकू द्यायचं आणि सलग हाताने पुढे सोडायचं. अंगठा स्पूलला जेमतेम टेकलेला ठेव, दाबायचा नाही, आणि वजन पाण्याला टेकायच्या क्षणी मात्र पूर्ण दाबायचा. सगळ्यात जास्त गुंते या शेवटच्या क्षणी होतात. वारा समोरून असेल तर डायल वर ने, किंवा सरळ बाजू बदल.

गुंता झालाच तर आधी वरचे फुगे ओढत बसू नको. अंगठा स्पूलवर घट्ट दाबून धर आणि तसाच दाबलेला ठेवून हँडल दोन-तीन वेळा फिरव, अंगठ्याखालून स्पूल जोराने सरकला पाहिजे. मग बटण दाबून लाइन बाहेर ओढ. बऱ्याचदा तेवढ्यानेच सुटतो. कुठे अडकलं तर पुन्हा अंगठा, पुन्हा हँडल. टोकदार काहीतरी घालून उकरू नको, लाइनला ओरखडे पडतात. सुटल्यावर तेवढा भाग बोटांतून ओढून बघ, दुमडलेला लागला तर काप. डायल आठवर असताना सलग नीट कास्ट जायला लागले की मग सातवर ये, तिथे जमलं की सहावर.